कॅन्सरमुळे पित्तनळी तुंबली तर : दुर्बिणीतून स्टेंट घालण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात पोटविकारांचा डॉक्टर आहे. खालचे प्रश्न ओपीडीत येणाऱ्या नातेवाइकांचे आहेत, बरेचसे त्यांच्याच शब्दांत. राधानगरीहून, गडहिंग्लजहून, इचलकरंजीहून माणसं फाइल काखेत धरून येतात आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा तेच असतं: "डॉक्टर, कावीळ उतरंना." उत्तरं सविस्तर लिहिली आहेत, कारण दहा मिनिटांत हे सगळं बोलून होत नाही आणि घाबरलेल्या माणसाच्या लक्षात त्यातलं निम्मंही राहत नाही.

आण्णांना कावीळ झाली म्हणून आणलं, तुम्ही कॅन्सरचं बोलता. दोन्हींचा संबंध काय?

कावीळ हे लक्षण आहे, आजार तिच्या मागे असतो. यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते पित्तनळीतून खाली येतं, स्वादुपिंडाच्या डोक्याला चिकटून जातं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पडतं. ही नळी जेमतेम सहा-सात मिलिमीटर रुंद असते. तिच्यात किंवा तिच्या शेजारी गाठ वाढली की ती आवळली जाते.

पुढचं समजायला आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्याआधी बरगे काढायचे राहिले तर नदीचं पाणी मागे चढतं आणि वरच्या अंगाच्या मळीत घुसतं. पित्तही असंच मागे चढतं. नळ्या फुगतात, यकृतात दाब वाढतो आणि पित्तातलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य रक्तात उतरतं. निरोगी माणसात ते १०० मिलिलिटर रक्तात १ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. अडीच-तीनच्या पुढे गेलं की डोळे पिवळे दिसू लागतात. या रुग्णांमध्ये ते १५, २०, कधी २५ झालेलं असतं.

नळी तुंबवणारे कॅन्सर मुख्यतः चार: स्वादुपिंडाच्या डोक्याचा, पित्तनळीचा स्वतःचा, पित्ताशयाचा आणि नळी आतड्यात उघडते त्या तोंडाचा. कधी जठराच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी पसरून बाहेरूनही नळी दाबतात.

साधी कावीळ आणि ही कावीळ, फरक घरी ओळखता येतो काय?

अंदाज येतो. दूषित पाण्यातून होणाऱ्या कावीळीत आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, आणि मग डोळे पिवळे होतात. अडथळ्याच्या कावीळीत पोटात फारसं दुखतही नाही, पण अंगाला खाज सुटते. ही खाज घामोळ्यासारखी नसते. तळहात-तळपायांपासून सुरू होते, रात्री वाढते, माणसाला झोपू देत नाही. नडग्यांवर नखांचे ओरखडे आणि त्यावर धरलेल्या खपल्या मी रिपोर्ट वाचायच्या आधी बघतो.

दुसरी खूण संडासची. विष्ठेला रंग पित्तामुळे येतो. पित्त आतड्यात पोहोचलंच नाही की ती पांढुरकी होते, गणपतीच्या शाडूसारखी. लघवी मात्र गडद पिवळी, चहासारखी. हे विचारायला घरच्यांना संकोच वाटतो, पण विचारा. डोळे बघायचे तर दारात, दिवसाउजेडी बघा, ट्यूबलाइटखाली पिवळेपणा फसवतो.

पित्तनळीत खडा अडकला तरीही अशीच कावीळ होते, तेव्हा शाडूसारखी शी म्हणजे कॅन्सरच असं समजू नका. पण पन्नाशी-साठीच्या पुढचं माणूस, पोट न दुखता आलेली कावीळ, दोन-तीन महिन्यांत उतरलेलं वजन आणि नव्यानंच निघालेली शुगर असं सगळं एकत्र दिसलं तर एक दिवसही न घालवता सोनोग्राफी करून घ्या. नळ्या फुगल्यात की नाही हे त्यात लगेच दिसतं.

गावात कावीळीचं औषध मिळतं. आधी ते करून बघितलं तर काय बिघडतं?

वेळ बिघडते. व्हायरसची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळे माळ घातली, नाकात थेंब सोडले, हात धुऊन कावीळ 'उतरवली' तरी श्रेय त्या उपायाला मिळतं. हात धुताना पिवळं होणारं पाणी चुन्याचं असतं, आणि हाताला आधी लावलेल्या सालीच्या रसामुळे ते पिवळं होतं. तुमचे-माझे निरोगी हात धुतले तरी होईल.

नळीच बंद असेल तर कुठल्याही पाल्याने ती उघडत नाही. मला या लोकांचा राग येत नाही, कारण घरच्यांनी ते प्रेमापोटीच केलेलं असतं. पण गाठ काढता येण्याजोगी होती आणि मधले दोन महिने माळेत गेले, असे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि ते विसरता येत नाहीत.

ईआरसीपी म्हणजे नक्की काय करता? पोट फाडावं लागतं काय?

नाही. सगळं तोंडातून होतं. रुग्ण सहा ते आठ तास उपाशी असतो. भूलतज्ज्ञ झोपेचं औषध देतात. दुर्बीण अन्ननलिकेतून, जठरातून लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतो. या दुर्बिणीचा डोळा समोर नसून कडेला असतो, कारण पित्तनळीचं तोंड आतड्याच्या भिंतीवर असतं. पडद्यावर ते तांदळाच्या दाण्याएवढं भोक असलेल्या लहानशा फुगवट्यासारखं दिसतं. त्यातून एक मिलिमीटरहूनही बारीक तार आत सरकवायची. सगळी परीक्षा इथेच असते. कधी दोन मिनिटांत तार जाते, कधी चाळीस मिनिटं लागतात.

तार गेली की क्ष-किरणांखाली थोडा रंग सोडून अडथळा कुठं आहे ते बघतो. वर फुगलेली नळी, मध्येच मुंगीच्या कमरेसारखी आवळलेली जागा आणि खाली पुन्हा साधी नळी. गरज असेल तर तोंडाला विजेच्या तारेनं बारीक छेद देतो. मग त्याच तारेवरून स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी छोटी पोकळ नळी, चढवून आवळलेल्या जागेत बसवतो. 'नळी घालणं' म्हणतात ते हेच. तो नीट बसला की पडद्यावर जे दिसतं ते इतक्या वर्षांनंतरही मी थांबून बघतो: महिनाभर कोंडलेलं पित्त, काकवीसारखं दाट आणि काळपट हिरवं, भसकन आतड्यात येतं. खोलीतल्या सिस्टरही तेव्हा मान वर करतात.

दुर्बिणीतून पित्तनळीचे फोटो पहिल्यांदा १९६८ मध्ये घेतले गेले. तोंडाला छेद देण्याची पद्धत १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये आली आणि १९७९-८० च्या सुमारास हॅम्बुर्गच्या निब सोहेंद्रा यांनी कॅन्सरने बंद झालेल्या नळीत प्लास्टिकचा स्टेंट बसवला. त्याआधी अशा रुग्णाची कावीळ उतरवायची तर पोट उघडून नळी आतड्याला जोडावी लागे.

कावीळ एवढी वाढली आहे आणि तुम्ही आधी स्कॅन करा म्हणता. लगेच नळी का घालत नाही?

माझं सगळ्यात जास्त बोलणं याच प्रश्नावर होतं, आणि व्हायलाच हवं. ताप-थंडी नसेल तर आधी नकाशा, मग नळी. यात एक-दोन दिवस जातात, पण पुढचे कित्येक महिने वाचतात.

एक कारण असं की स्टेंट आत गेल्यावर त्या भागाचा सीटी स्कॅन पूर्वीइतका स्वच्छ येत नाही. धातूची चमक पडते, आजूबाजूला सूज येते आणि गाठ रक्तवाहिन्यांना चिकटली आहे की नाही हे सांगणं अवघड होतं. ऑपरेशन होईल की नाही ते तर त्यावरच ठरतं.

दुसरं कारण जागेचं. गाठ खाली, स्वादुपिंडापाशी असेल तर एका स्टेंटने काम होतं. गाठ वर, यकृताच्या दाराशी, उजवी आणि डावी नळी जिथं मिळते तिथं असेल तर प्रकरण वेगळं. तिथं कुठल्या बाजूच्या नळ्या मोकळ्या करायच्या ते एमआरसीपी नावाच्या एमआरआयवर आधी ठरवावं लागतं. यकृताचा निम्म्याहून जास्त कामाचा भाग मोकळा व्हावा असा प्रयत्न असतो, त्यासाठी कधी दोन किंवा तीन स्टेंट लागतात. आकसून गेलेल्या भागात नळी घालून उपयोग नसतो. आणि ज्या फांदीत रंग सोडला पण तिचं पित्त बाहेर पडायची सोय केली नाही, तिथं जंतुसंसर्ग होतो. आंधळेपणाने नळी घातलेल्या रुग्णाला कावीळ तशीच आणि वर ताप, अशी दुप्पट शिक्षा होते.

याला अपवाद आहे. ताप, थंडी वाजून येणं, रक्तदाब उतरणं, बडबडणं यांतलं काही असेल तर तुंबलेल्या पित्तात जंतू शिरलेत. अशा वेळी नकाशाची वाट बघायची नसते. अँटिबायोटिक सुरू करून लवकरात लवकर पित्ताला वाट करून देतो.

ऑपरेशन होणार असेल तर आधी कावीळ उतरवून घ्यायची असते ना?

पूर्वी सगळ्यांचंच तसं मत होतं. २०१० मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वादुपिंडाच्या डोक्याचा कॅन्सर आणि बिलिरुबिन साधारण २.३ ते १४.६ च्या दरम्यान असलेल्या रुग्णांचे दोन गट केले. सरळ ऑपरेशनला गेलेल्यांमध्ये गंभीर गुंतागुंत ३९ टक्क्यांना झाली, आधी नळी घातलेल्यांमध्ये ७४ टक्क्यांना. त्यात मुख्यतः प्लास्टिकचे स्टेंट वापरले होते, धातूच्या स्टेंटला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी धडा पक्का आहे: सर्जन आठवड्याभरात ऑपरेशन करायला तयार असेल, ताप नसेल आणि बिलिरुबिन फार चढलेलं नसेल तर नळीच्या वाटेला जायचं कारण नाही.

नळी आधी लागते ती संसर्ग झाला असेल तेव्हा, बिलिरुबिन फार वाढलेलं असेल तेव्हा, ऑपरेशनला वेळ लागणार असेल तेव्हा किंवा आधी केमो द्यायची ठरली असेल तेव्हा. म्हणून स्टेंटच्या आधी एकदा सर्जनला भेटा. नळी घातल्यावर भेटण्यापेक्षा ते बरं.

प्लास्टिकचा घालायचा की मेटलचा? पैशात एवढा फरक का?

प्लास्टिकचा नेहमीचा मोठा स्टेंट बाहेरून ३.३ मिलिमीटर जाड. मेटलचा आत जाताना आवळलेल्या छत्रीसारखा बारीक असतो आणि सोडल्यावर उघडून ८ ते १० मिलिमीटर होतो. निकेल-टायटॅनियमच्या तारांची ती जाळी असते, अंगाच्या उष्णतेला ती आपला मूळ आकार धरते. वाट रुंद म्हणून ती उशिरा तुंबते. प्लास्टिकचा साधारण तीन महिन्यांत बदलावा लागतो, कारण आत जंतूंचा थर आणि पित्ताचा गाळ साचतो. मेटलचा बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभर चालतो.

मेटलची किंमत कित्येक पट असते, हे खरं. पण दर तीन महिन्यांनी भरती, भूल, पुन्हा दुर्बीण आणि मध्येच ताप आला तर आयसीयू, हा हिशोब लावला तर खालच्या भागातल्या गाठीला मेटल बहुतेकांना महाग पडत नाही. माझा कल तिकडेच असतो.

मेटलमध्येही दोन जाती. उघड्या जाळीचा हलत नाही, पण छिद्रांतून गाठ आत वाढते आणि तो पुन्हा सहसा काढता येत नाही. पडदा असलेल्यात गाठ शिरत नाही, तो काढता येतो, मात्र जागेवरून सरकू शकतो. तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर सिद्ध झाल्याशिवाय उघड्या जाळीचा स्टेंट घालू नये, या मताचा मी आहे. टीबीच्या गाठी किंवा स्वादुपिंडाची एक विशिष्ट सूज हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते आणि औषधांनी बरी होते. तेवढ्यासाठी जन्मभराची जाळी आत ठेवायची काय?

नळी गेलीच नाही तर?

असं होतं. गाठीने आतड्याचीच वाट बंद केलेली असते, किंवा पूर्वीच्या ऑपरेशनमुळे आतली रचना बदललेली असते, किंवा तार काही केल्या जात नाही. तेव्हा दोन वाटा उरतात.

एक ईयूएस. या दुर्बिणीच्या टोकावरच सोनोग्राफी असते. आतड्याच्या किंवा जठराच्या भिंतीतून पलीकडची फुगलेली नळी दिसते. सुईने तिथपर्यंत पोहोचून भिंतीतूनच नवी वाट काढतात आणि मेटलचा स्टेंट बसवतात. खालच्या गाठीसाठी पित्तनळी थेट आतड्याला जोडली जाते, वरच्या अडथळ्यासाठी यकृताची डावी नळी जठराला. पहिली पद्धत २००१ मध्ये फ्रान्सच्या मार्क जिओव्हानिनी यांनी करून दाखवली. आता डंबेलच्या आकाराचे स्टेंट आले आहेत, दोन्ही भिंती ते घट्ट धरून ठेवतात. २०२३ मध्ये दोन अभ्यास आले, त्यांत खालच्या गाठींसाठी ही पद्धत सुरुवातीलाच वापरून ईआरसीपीशी तुलना केली आणि ती मागे पडली नाही. पण याला हात बसलेला माणूस लागतो. आपल्या डॉक्टरांना सरळ विचारा: तुम्ही स्वतः ईयूएसमधून करता की आम्हाला दुसरीकडे पाठवाल? चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही.

दुसरी वाट पीटीबीडी. रेडिओलॉजिस्ट बरगड्यांमधून यकृतात सुई घालून नळी बसवतात, पित्त बाहेर पिशवीत येतं. वरच्या गाठींमध्ये आणि अत्यवस्थ रुग्णात ही फार मोलाची पद्धत आहे. त्रास पिशवीचा. नळी ओढली जाते, टाक्याजवळ दुखतं, झोपताना कूस सापडत नाही. रोज भरपूर पित्त बाहेर गेलं तर अंगातलं पाणी आणि मीठही जातं, तेव्हा पिशवीत किती आलं ते वहीत लिहून ठेवा. काही दिवसांनी तीच नळी आतपर्यंत नेऊन पिशवी बंद करता येते काय, हे जरूर विचारा.

यात धोका किती?

सगळ्यात जास्त भीती स्वादुपिंडाला सूज येण्याची. शंभरात साधारण ३ ते १० जणांना येते, बहुतेकांची सौम्य असते, थोड्यांची गंभीर. ती टाळायला आम्ही गुदद्वारातून डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथॅसिनची १०० मिलिग्रॅमची गोळी ठेवतो. साधी गोष्ट आहे पण उपयोगी. याशिवाय रक्तस्राव, संसर्ग आणि क्वचित आतड्याला भोक पडणं.

आधी दोन गोष्टी न विचारता सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं. आणि कशाची अॅलर्जी असेल तर ती. पित्त आतड्यात नसलं की व्हिटॅमिन के अंगात शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. म्हणून आधी रक्ताची तपासणी आणि गरज पडली तर त्याची इंजेक्शनं देतो.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात.

या भीतीने लोक निदानाशिवाय फिरत राहतात. केमो द्यायची तर तुकडा लागतोच, त्याशिवाय कुठलं औषध ते ठरत नाही. स्वादुपिंडाची गाठ असेल तर ईयूएसमधून सुईने तुकडा घेणं चांगलं, ईआरसीपीत ब्रशने खरवडून घेतलेल्या पेशींत बऱ्याचदा कॅन्सर सापडत नाही. सरळ ऑपरेशनच ठरलं असेल तर कधी तुकड्याची गरज नसते.

एक सांगून ठेवतो: सीए १९-९ नावाची रक्ततपासणी नुसत्या कावीळीनेही वाढते. तो आकडा मोबाइलवर बघून रात्रभर जागू नका.

स्टेंट घातला, आता कावीळ किती दिवसांत जाईल? केमो कधी?

खाज बहुधा काही दिवसांतच कमी होते. लोकांना पहिला खरा दिलासा तोच वाटतो. शीला रंग येतो, लघवी फिकी होते. बिलिरुबिन मात्र सावकाश उतरतं, २० वरून खाली यायला कित्येक आठवडे लागू शकतात, आणि कातडीचा पिवळेपणा रिपोर्टच्याही मागे असतो. आठवडा-दोन आठवड्यांत आकडा मुळीच हलला नाही तर स्टेंट नीट चालतोय काय ते बघावं लागतं. केमोची बरीच औषधं यकृतातून बाहेर पडतात, म्हणून बिलिरुबिन पुरेसं उतरेपर्यंत कॅन्सरतज्ज्ञ थांबतात.

नळी घातली म्हणजे कॅन्सर गेला काय?

नाही. पित्ताची वाट मोकळी झाली. गाठ जागेवरच आहे आणि तिच्यावरचे उपचार आता सुरू करायचे आहेत. बरं वाटू लागलं की फाइल कपाटात जाते, हे फार वेळा होतं.

घरी गेल्यावर कशाची काळजी घ्यायची?

ताप. बाकी सगळं त्यानंतर. थंडी वाजून ताप, पुन्हा खाज, पुन्हा चहासारखी लघवी, पोटाच्या वर उजवीकडे दुखणं यांतलं काहीही दिसलं तर स्टेंट तुंबलाय असं समजून त्याच रात्री निघायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. तुंबलेल्या पित्तातला संसर्ग काही तासांत रक्तात पसरतो. चंदगडकडच्या लोकांनी रात्री कोल्हापूरपर्यंत यायचं की बेळगाव गाठायचं, हे आधीच ठरवून ठेवावं. जिथं ईआरसीपीची सोय आहे अशाच ठिकाणी जा.

आता माझी एक चूक सांगतो. आजऱ्याकडचे एक शेतकरी होते. प्लास्टिकचा स्टेंट घातला, कावीळ उतरली, हसत घरी गेले. तीन महिन्यांनी बदलायचा हे मी डिस्चार्ज कार्डाच्या तिसऱ्या पानावर, खाली, इंग्रजीत लिहिलं होतं. घरात कुणाला ते वाचता येत नव्हतं. गळीत हंगाम सुरू झाला, माणूस बरा दिसत होता, कोण कशाला येतंय? सातव्या महिन्यात ते थंडीतापाने थरथरत गाडीतून उतरले. वाचले, पण दहा दिवस आयसीयूत काढून. तेव्हापासून स्टेंटचा प्रकार आणि बदलायची तारीख मी पहिल्या पानावर मराठीत, ठळक लिहितो आणि नातेवाइकाकडून मोठ्याने वाचून घेतो. तुमच्या कार्डावर ती नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या.

तारीख जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल तर जूनमध्येच उरकून घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोक्याकडे निघाली की रस्ते एकेक करून बंद होतात. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेसुद्धा पाण्याखाली होता. स्टेंट पूर ओसरायची वाट बघत नाही.

खायला काय द्यायचं? तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू, बरोबर ना?

दोन्ही चूक. या रुग्णाचं वजन आधीच उतरलेलं असतं आणि महिनाभर बिनतेलाची, बिनमिठाची भाजी खाऊन तो आणखी वाळतो. स्टेंट चालू झाल्यावर एक-दोन दिवस हलकं खाऊन हळूहळू घरचं जेवण द्या. अंडी, डाळ, दही, मासे, चिकन, जे रुचेल ते, थोडं थोडं आणि पाच-सहा वेळा. पांढरा रस्सा सोसत असेल तर जरूर द्या, तांबड्याची तिखटाई जरा बेताने. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मात्र नको, तापवलेलं द्या.

उसाच्या रसाने कावीळ उतरत नाही. शुगर असलेल्याची ती भसकन वाढते आणि रस्त्यावरच्या बर्फाचा भरवसा नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर असेल आणि शी तेलकट, पाण्यावर तरंगणारी, चिकट होत असेल तर पाचकरसांच्या कॅप्सूल लागतात. त्या जेवताना घ्यायच्या, जेवण झाल्यावर नाही.

मेटल आत असताना एमआरआय चालतो काय?

आजच्या बहुतेक स्टेंटना चालतो. तंत्रज्ञाला आधी सांगा आणि स्टेंटचं स्टिकर असलेलं कार्ड दाखवा.

पैशाची सोय कशी करायची?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी त्याला भेटून ईआरसीपी, स्टेंट आणि पुढची केमो यांतलं काय बसतं ते विचारा, रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयातही चौकशी करा. आधी पैसे भरून मग योजनेत बसवून घेऊ म्हणाल तर ते होत नाही.

आण्णांना सांगायचं नाही असं आम्ही ठरवलंय. तुम्हीही बोलू नका.

हे दाराबाहेर, हळू आवाजात सांगितलं जातं, बहुतेक वेळा थोरल्या मुलाकडून, डोळ्यांत पाणी आणून. त्यामागची माया मला कळते. तरी मी दोन गोष्टी सांगतो. पोटात नळी आहे एवढं तरी आण्णांना माहीत हवंच. रात्री दोन वाजता पहिली थंडी त्यांना वाजणार आहे, तुम्हाला नाही. पोरांना कशाला उठवायचं म्हणून ते गोधडी ओढून पडून राहिले तर?

दुसरं असं की त्यांना बहुधा कळलेलं असतं. तुम्ही बाहेर गेल्यावर ते मला विचारतात, "डॉक्टर, पोरं काय लपवत्यात?" मी खोटं बोलत नाही. किती ऐकायचंय ते त्यांनाच विचारतो आणि तेवढंच सांगतो. कुणाला सगळं हवं असतं, कुणी म्हणतं, "तुमी आनि पोरगा बघा, मला नुसती खाज थांबवा." दोन्ही ठीक आहे. रानाचे कागद, लेकीचं लग्न, भावाशी मोडलेलं बोलणं यासाठी त्यांना वेळ हवा असू शकतो.

कॅन्सर पसरलाय, चौथी स्टेज आहे. मग नळीचा त्रास कशाला द्यायचा?

खाज थांबते, झोप लागते, दोन घास जातात, म्हणून. कावीळ उतरली तर काहींना केमोही देता येते. आयुष्य किती वाढेल हे बाजूला ठेवलं तरी रात्र-रात्र अंग खाजवत बसलेल्या माणसाला शांत झोप मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती घरादाराला मिळते.

पण नेहमी नाही. रुग्ण अंथरुणाला खिळलेला, शुद्ध कमी-जास्त होतेय, हातात थोडेच दिवस आहेत, ताप नाही आणि खाजेचा त्रासही नाही, अशा वेळी मी दुर्बीण सुचवत नाही. नुसता पिवळा रंग दुखत नाही. दुखणं, मळमळ, खाज यांवर औषधं देता येतात, घरी जाता येतं, आणि लागलं तर घरी येऊन बघणारे डॉक्टरही मिळतात. परवाच एका आजींच्या नातीने विचारलं, "नळी घातली नाही तर आम्ही आजीसाठी काहीच केलं नाही असं होतं काय?" मी म्हटलं, नाही. तिला घरी न्या, तिच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा, आणि रात्री काही वाटलं तर मला फोन करा. तिने नंबर लिहून घेतला आणि आजींना कागलला घेऊन गेली.